फितीतला जव

लोर्नाने करकचून ब्रेक दाबला, तसं मागच्या ट्रेलरवरचं तिचं छोटं कापणीयंत्र गदकन हललं. रस्त्याच्या उत्तरेला ऑर्व्हिल टॉफ्टचा जव उभा असायला हवा होता. तिथे नुसती धसकटं होती, पार टेकडीपर्यंत.

ती खाली उतरली आणि खुळ्यासारखी बघत राहिली. गाडीचं दार लावायचंही सुचलं नाही. याच शेतात तिच्या चाचणीचे वाफे होते. निरनिराळी वाणं, आणि त्यांत तिचं स्वतःचं, कोरड्या सालासाठी बारा वर्षं खपून तयार केलेलं. नव्या वाणाला मान्यता मिळायला तीन वर्षांचं उत्पादन दाखवावं लागतं. पहिली दोन वर्षं पाऊस असा पडला की कुठलंही वाण मिरवलं असतं. यंदा मात्र आभाळाने तोंड फिरवलं. सगळा नॉर्थ डकोटा हळहळत होता आणि लोर्ना, देव तिला माफ करो, मनातून खूश होती. आज एकेक वाफा वेगळा कापून तिला वजनं घ्यायची होती.

"आली गं आली, जवाची बाई आली!"

रस्त्यापलीकडच्या, ऑर्व्हिलच्या अंगणातून लायल रुड हाका मारत येत होता. ऑर्व्हिलचा शेजारी, नखशिखान्त धुळीने माखलेला. त्याच्यामागे गावातली सगळी मोठी यंत्रं ओळीने उभी होती आणि बाया टेबलांवर जेवणाची भांडी मांडत होत्या. लोर्ना काय समजायचं ते समजली. इकडे ऐन कापणीत माणूस अंथरुणाला खिळला की शेजारी येऊन त्याचं पीक काढून देतात. त्यासाठी कुणी बोलावणं धाडत नाही.

"ऑर्व्हिल?" तिने विचारलं.

"छातीत कळ आली परवा. वाचला म्हण. आम्ही म्हटलं, तू पड निवांत, रान आमच्याकडे लागलं. एक ओंबी शिल्लक ठेवली नाही बघ!"

"लायल, हे उत्तरेकडचं..."

"ते तर आधी घेतलं." त्याने आवाज खाली आणला. "काय पेरलं होतं गं बिचाऱ्याने! मध्येच पट्टा कोरा, एक तुकडा उंच, शेजारचा बुटका. वसंतात पेरतानाच काहीतरी बिनसलं असणार त्याचं. जाणाऱ्या-येणाऱ्याने बघून हसायला नको, म्हणून पहिल्यांदा तेच उडवलं."

लोर्नाने ट्रेलरचा दांडा घट्ट धरला. वाणांच्या पाट्या गेल्या आठवड्यात तिनेच उपटल्या होत्या, यंत्रात अडकू नयेत म्हणून.

"दाणा कुठाय तो?"

"कुठे म्हणजे? सगळ्याबरोबर कोठीत. आणि अशी पांढरीफटक का पडलीस? आम्ही काय गाढवं आहोत? तुझं राखलंय की!"

त्याने हात केला. गोठ्यामागे, चहूकडच्या धसकटांत, जवाचा एक चौकोन उभा होता. भोवती खुंट्या ठोकून नारिंगी फीत बांधली होती. दोन वर्षांमागे तिचे वाफे तिथे होते, तिथेच उभं राहून या सगळ्यांनी तिचं भाषण ऐकलं होतं. पण चाचणीची जागा बदलत राहते. यंदा तिथे ऑर्व्हिलचा घरचा जव होता.

"अर्धा दिवस त्याला वळसे घालतोय," लायल म्हणाला. "माझ्या पोराला तर सांगून ठेवलं होतं, त्या फितीला चाक लागलं तर घरी येऊ नकोस."

तेवढ्यात आयरीनची गाडी आली. ऑर्व्हिलची बायको, इस्पितळातून कपडे न्यायला आलेली. तिने उत्तरेकडे पाहिलं, मग त्या फितीकडे, मग लोर्नाकडे. तिचा हात तोंडावर गेला.

"अरे देवा! लायल, अरे तुम्ही हे..."

लोर्नाने तिचं कोपर पकडलं, चांगलंच दुखेल असं.

"किती जपून राखलंय ना, आयरीन?" ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही.

मग काय, चार गड्यांनी हातोहात तिचं यंत्र उतरवलं. जेवणं सोडून सगळे फितीपाशी येऊन उभे राहिले. लोर्ना यंत्रावर बसली आणि तिने तो जव कापला, नेहमीसारखा, थोडा कापून थांबत, वजन करत. वजनं जवळपास सारखीच येत होती. येणारच, एकाच पोत्यातलं बियाणं ते.

शेवटचा पट्टा पडला आणि आयरीनचा फोन वाजला.

"तोच," ती कुजबुजली. "शुद्धीवर आल्यापासून एकच धोशा लावलाय." लायलने तिच्या हातातून फोन घेऊन स्पीकर लावला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"लोर्ना आहे का तिथे?" ऑर्व्हिल धापा टाकत बोलत होता. "कापलं का गं आपलं वाण?"

"कापलं, ऑर्व्हिल."

"मग? आलं का पुढे?"

लायलने टोपी काढली. बाकीचेही तिच्याकडे बघत होते, भुवयांवर तिच्याच वाफ्यांचा भुसा घेऊन.

"आलं," लोर्ना म्हणाली. "सगळ्यांच्या पुढे."

टाळ्या, शिट्ट्या, नुसता गलका झाला. लायलने तिच्या पाठीत थाप मारली. तो गलका ओसरेपर्यंत फोनवर ऑर्व्हिल थांबला.

"कितीने?" त्याने विचारलं.