लालबूचचा सुस्कारा

कागदोपत्री त्या विभागाचं नाव 'वारसा संग्रह' होतं. पण कंपनीत वरपासून खालपर्यंत सगळे त्याला 'जुना माल' म्हणत, आणि तो सांभाळणाऱ्या बाईला कपाटबाई. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि आता तर तिचा नवराही फोनवर विचारायचा, "काय कपाटबाई, निघालात का?"

जुना माल ठेवला होता तो हॉल पूर्वी बाटल्या भरण्याचा. यंत्रं काढून नेली त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी कडक उन्हाच्या दिवसांत दुपारी फरशीच्या सांध्यांतून साखरेचा वास वर यायचा आणि त्या वासामागून मुंग्या. कारखाना दुसरीकडे हलला, हे मुंग्यांना कुणी कळवलंच नव्हतं. खिडक्यांना लागून मांडण्या होत्या आणि मांडण्यांवर सालवार बाटल्या. चारच्या सुमाराला ऊन त्यांच्यातून आरपार आलं की हॉलभर हिरवट उजेड पसरायचा, तळ्याच्या तळाशी असावा तसा. त्या वेळी कपाटबाई हळू चालायची. घाई केली तर काहीतरी गढूळ होईल असं तिला वाटायचं.

बाटली कुठल्या सालची हे ती डोळे मिटून, काचेवरून अंगठा फिरवून सांगायची. पुन्हा पुन्हा भरलेल्या बाटलीच्या खांद्याला घासून घासून पांढरं कडं पडतं. ते जितकं रुंद, तितकी ती बाटली जास्त लोकांच्या हातांतून फिरून आलेली. सिनेमावाले जुन्या बाटल्या मागायला तिच्याकडे यायचे, मग ती म्हणायची, "त्या साली बुचावर रेघ नव्हती. ती नको, ही न्या." स्वतः सिनेमाला गेली की नायिका रडत असताना ही टेबलावरच्या बाटलीकडे बघायची. "बाटली चुकली!" असं कुजबुजायची आणि नवरा कपाळाला हात लावायचा.

कंपनीला शंभर वर्षं होणार होती. त्या गडबडीत एका सकाळी जाहिरातीचे साहेब जिना उतरून खाली आले. वयाने तिच्यापेक्षा बरेच लहान, पायांना सदा भिंगरी.

"मॅडम, मला तो सुस्कारा पाहिजे," ते म्हणाले. "मूळ टेपवरचा. नक्कल नको."

कुठला सुस्कारा, हे तिला विचारावं लागलं नाही. कुणालाच लागलं नसतं. पेयाचं खरं नाव लांबलचक होतं, पण बुचाच्या रंगावरून लोक त्याला लालबूचच म्हणत. चाळीसेक वर्षांपूर्वी त्याची रेडिओवर एक जाहिरात लागायची. तिच्यात गाणं नव्हतं, संवाद नव्हते. बूच निघाल्याचा टक् असा आवाज, तीन घोट, आणि मग एका बाईचा सुस्कारा, 'हाऽऽ.' बस्स. पण त्या एका 'हाऽऽ'नं सगळ्यांना वेड लावलं होतं. एका सिनेमात नायकाने दहाजणांना लोळवून तसा सुस्कारा टाकला आणि थिएटरं डोक्यावर घेतली गेली. मास्तर फळा पुसून झाला की टाकायचे, ड्रायव्हर शेवटच्या थांब्यावर. पाहुणे गेले, दार लावलं, की घराघरांतल्या बायका म्हणायच्या, "हाऽऽ, लालबूच!"

तो आवाज कुणाचा, यावर पैजा लागत. त्या काळच्या एका बड्या नटीचा, असं बहुतेकांचं म्हणणं. नटीला विचारलं की ती नुसती हसायची. कंपनीनेही कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नोंदीच्या कार्डावर मात्र साफ लिहिलं होतं: आवाज – माहीत नाही.

टेप सापडायला दोन दिवस लागले. पुठ्ठ्याच्या डब्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हा – सातवा. खिडकी उघडी.' रिळावरचा तपकिरी थर सुटायला आला होता. फार तर एकदा वाजेल, तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. कपाटबाईने हॉलचं दार आतून लावलं, कानांवर हेडफोन चढवले आणि कळ दाबली.

आधी नुसती खरखर. मग दूरवर सायकलची घंटा, पडदा हलल्यासारखं काहीतरी. एका पुरुषाचा आवाज अगदी जवळून म्हणाला, "हं, आता पाय." पाणी डचमळलं. आणि मग तो आला. 'हाऽऽ.'

लहानपणापासून हजार वेळा ऐकलेला, पण आत्तापर्यंत जणू भिंतीपलीकडून ऐकलेला. आता तो तिच्या मानेमागे होता, ऊबदार, थकलेला, कुणाला दाखवण्यासाठी नसलेला. त्यात थंड पेय कुठे नव्हतंच. एक अख्खा दिवस खांद्यावरून उतरवून खाली ठेवल्यासारखा तो होता. त्यानंतर ती बाई हसली आणि काहीतरी बोलली. मग टेप संपली.

कपाटबाईने हेडफोन काढलेच नाहीत. उन्हाची हिरवी पट्टी तिच्या मांडीवरून सरकून जमिनीवर गेली.

त्या काळी कंपनीच्या जाहिरातींचं रेकॉर्डिंग एकच माणूस करायचा. निवृत्त लोकांच्या यादीत त्याचा पत्ता होता. कुलपांच्या एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर तो सुनेकडे राहत होता. दार सुनेनेच उघडलं.

"या ना. पण बाबांना ऐकू येत नाही हं," ती म्हणाली. "आठ वर्षं झाली. काय विचारायचं ते पाटीवर लिहा. आणि अक्षर मोठं काढा, नाहीतर रागावतात."

रेकॉर्डिस्ट खिडकीपाशी उभा होता. नव्वदीला टेकलेला, सडपातळ, मान एका बाजूला कललेली, अजूनही काहीतरी ऐकत असल्यासारखी. जन्मभर आवाज गोळा करणाऱ्या माणसाला शेवटी ही शांतता मिळावी, याचं कपाटबाईला वाईट वाटलं. तिने पाटीवर लिहिलं, 'लालबूचचा सुस्कारा कुणाचा?'

त्याने वाचलं आणि खदखदून हसला. बहिऱ्या माणसासारखा, जरा जास्तच मोठ्याने.

"आता विचारताय होय? बसा, बाई, बसा." स्वतः मात्र उभाच राहिला. "अहो, नट्या आणल्या, गायिका आणल्या. सगळ्या अभिनय करायच्या. आणि अभिनय ऐकू येतो हो! खोटा आवाज आला की मला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. त्यात पुन्हा प्रत्येक वेळी बाटली प्यायची. एकीला तर असा ढेकर आला! ती टेप जपायला हवी होती खरं तर."

सून तोंडावर पदर धरून हसली. ही गोष्ट तिने शंभरदा ऐकलेली दिसत होती.

"मग?" कपाटबाईने ओठ हलवून विचारलं. ते त्याला कळलं.

"मग मशीन उचललं आणि घरी आणलं. माझी बायको तुमच्याच कारखान्यात होती ना! बाटल्या तपासायला. धुऊन आलेल्या बाटल्या उजेडासमोरून जायच्या, आणि ह्या बायका बघायच्या, आत केर आहे का, तडा आहे का. दिवसभर उभं राहून. तीनला शिफ्ट सुटायची. घरी आली की आधी टबात गार पाणी घ्यायची आणि पाय बुडवायची. तेव्हा तिच्या तोंडून जे निघायचं ना..." त्याने हाताने माईक धरल्यासारखं केलं. "मी तिला म्हटलं, माईक धरतो, तू नेहमीसारखी बस. सहा वेळा हसली. सातव्यांदा जमलं."

'त्यांचं नाव का नाही लिहिलं?' कपाटबाईने पाटीवर विचारलं.

"तिनेच शपथ घातली. म्हणाली, सासूबाईंना कळलं तर काय म्हणतील? सून रेडिओवर सुस्कारे टाकते!" तो पुन्हा हसला, पण या वेळी हळू. "आमच्या आईला तीच जाहिरात सगळ्यात आवडायची. रेडिओवर लागली की हिला हाक मारून ऐकवायची. ही बिचारी हातातलं काम टाकून यायची आणि शेजारी उभी राहून ऐकायची. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मी मात्र दुसऱ्या खोलीत पळायचो."

बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. बहिरेपण त्यानंतर आलं.

कपाटबाईने पिशवीतून टेपची नक्कल आणि छोटा स्पीकर काढला. ऐकू न येणाऱ्या माणसासमोर तो ठेवताना तिला संकोच वाटला, पण रेकॉर्डिस्टने हात पुढे केला आणि तळवा स्पीकरच्या जाळीवर टेकवला. डोळे मिटले. तिने कळ दाबली.

खरखर, घंटा, पाणी. मग 'हाऽऽ.' त्याची बोटं किंचित उचलली गेली, श्वास घेणाऱ्या पाठीवर ठेवलेल्या हाताची उचलली जावीत तशी. खालच्या दुकानात कुणीतरी किल्ली घासत होतं, तो बारीक आवाज फक्त दोघींना येत होता.

"परत," तो म्हणाला.

तिने परत लावलं. पाच-सहा वेळा तरी. एकदा त्याने डोळे न उघडताच विचारलं, "शेवटी काहीतरी आहे. सुस्काऱ्यानंतर. हाताला लागतंय. जाहिरातीत ते आपण कापलं होतं. काय म्हणते?"

कपाटबाईने पाटी घेतली आणि सुनेने सांगितल्याप्रमाणे मोठं अक्षर काढलं. 'झालं ना? आता तुम्ही पण बसा की. सकाळपासून उभे आहात.'

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची चाचपली आणि सावकाश बसला. सून पुढे झाली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "मी बसलोच नसणार त्या दिवशी. तसाच टेप घेऊन स्टुडिओत पळालो असणार."

निघताना त्याने कपाटबाईला बजावलं, "नाव आत्ताही नको. शपथ ती शपथ. पण नटीचा आवाज म्हणून कुणी सांगितलं, तर त्याचा कान धरा."

जाहिरातीच्या साहेबांचा चेहरा आधी पडला.

"मॅडम, नटी असती तर पेपरांनी उचलून धरलं असतं. टबात पाय बुडवलेली बाई म्हणजे..." ते अडखळले.

"म्हणजे काय, साहेब?"

"म्हणजे, लालबूच प्यायलीच नाही ती!"

"नाही प्यायली," कपाटबाई म्हणाली. "पण दिवसाला हजारो बाटल्या तिने बघितल्या. तुम्ही जन्मात एवढ्या बघणार नाही. मीसुद्धा नाही. एकदा ऐका, मग बोला."

तिने त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवले. साहेबांच्या पायांची भिंगरी पहिल्यांदाच थांबलेली तिने पाहिली. ऐकून झाल्यावर ते निघाले. अर्ध्या जिन्यावरून परत आले आणि म्हणाले, "ते शेवटचं वाक्य कापू नका."

शंभरीच्या प्रदर्शनात हॉलच्या मधोमध एक बाक ठेवला, वर हेडफोन टांगले. बाजूला नवं कार्ड लावलं: 'आवाज – बाटली तपासणी विभागातल्या एक कामगार बाई. पहिली शिफ्ट.' लोक बाकावर बसत, ऐकत आणि उठताना जरा वेगळेच दिसत, झोपेतून हलकेच उठवल्यासारखे. कुणी नटीचं नाव काढलं तर कपाटबाई कार्डाकडे बोट दाखवायची.

तिसऱ्या दिवशी चार म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून आल्या. हॉलमध्ये शिरल्याबरोबर त्यांनी वर, खिडक्यांकडे पाहिलं, घरी आल्यासारखं. एकीने हेडफोन लावले आणि ओरडलीच.

"अगं, ही तर होडीवाली!"

बाकीच्यांनी तिच्या कानावरून हेडफोन ओढून घेतले. तिघींनी आळीपाळीने ऐकलं आणि तिघींनी माना डोलावल्या. हसण्यावरून कळतंय, त्या म्हणाल्या, असं दुसरं कोण हसणार?

"होडीवाली का?" कपाटबाईने विचारलं.

"अहो, उजेडासमोरून बाटल्या जात राहतात ना, एकामागून एक, तर डोळे उघडे असतानाच झोप लागते," पहिली सांगू लागली. "म्हणून दर वीस मिनिटांनी आम्हाला जागा बदलायला लावायचे. आम्हाला नुसती झोप यायची. हिला स्वप्नं पडायची! आणि सुट्टीत डबा उघडला की सांगायची. एकदा म्हणाली, बाटलीतून होडी गेली."

"शीड होतं तिला," दुसरी म्हणाली.

"शीड कुठलं? वल्ही होती."

"आणि ती आरशांची बाग? ती विसरलात?"

कपाटबाईने टेबलावरून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणला आणि त्यांच्या शेजारी बाकावर दाटीवाटीने बसली. काचांमधून ऊन यायला लागलं होतं. पहिल्या कार्डावर तिने लिहिलं, 'होडी', आणि पेन वर धरून म्हणाली, "थांबा, एकेकीने बोला. शीड की वल्ही?"

चौघी एकदम बोलू लागल्या.