सावळाराम गैरहजर

मोहनराव मास्तरांनी तालुक्यातल्या लोकांचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा मराठी राज्याची चळवळ ऐन भरात होती. मराठी माणूस नेमका कोण, तो इथलाच की कुठून आलेला, हे एकदाचं पांढऱ्यावर काळं व्हायला हवं असं त्यांना वाटे. बारामतीच्या शाळेत शिकवायचे आणि सुटी लागली की सायकलीवर टांग मारून गावोगाव हिंडायचे. माणूस सरळ होता. रामोश्याच्या घरात तांब्याभर पाणी मागून पिणारा मास्तर कुंडलिकनं तोवर पाहिला नव्हता. म्हणून तर तो आशेला लागला.

कुंडलिक अंथुर्ण्याच्या पुढच्या एका वाडीत राहायचा. वय पंचेचाळीस. त्याला एवढंच हवं होतं, की पुस्तकात त्याच्या बापाचं नाव यावं. बाप सावळाराम गावाचं खळं राखताना चोरांच्या हातून मेला होता. ज्यांनी त्याला खांदा दिला ती माणसं एकेक करून गेली. आता ही गोष्ट सांगणारा कुंडलिक तेवढा उरला, आणि ऐकणारी त्याची पोरगी, कौसल्या.

मास्तरांनी घोंगडीवर बसून वही उघडली.

"कुंडलिकराव, तुम्ही लोक मूळचे कुठले?"

"हितलंच."

"ते झालं. त्याआधी?"

"त्याच्या आदी माजा बा व्हता."

"त्याच्याही आधी?"

"त्येचा बा."

मास्तर हसले. साहेबाच्या राज्यात छापलेल्या एका जाड पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, की हे लोक दक्षिणेकडून आले. साहेब तर कधीच आपल्या देशी गेला होता, पण त्यानं कोण कुठून आलं ते सांगून ठेवलं होतं, आणि ते खोटं कसं असेल? मास्तरांनी शिंप्याची टेप काढून कुंडलिकचं नाक मोजलं, कपाळ मोजलं. कुंडलिकनं मोजू दिलं.

मग मास्तरांनी पिशवीतून लाल कापडाची एक जुनी वही काढली. ती त्यांनी वाडीच्या चावडीतून मागून आणली होती. साहेबानं रामोश्यांना चोरांची जात ठरवलं होतं, तेव्हापासूनची ती हजेरीची वही. रोज दिवस मावळला की जाणत्या पुरुषांनी चावडीपुढं जायचं, शिपायानं नाव पुकारायचं. चुकला तो गुन्हेगार. ही हजेरी उठून चार वर्षं झाली होती. यातलं कोण कोण हयात आहे ते पाहावं, या साध्या हेतूनं मास्तर एकेक नाव मोठ्यानं वाचू लागले.

पहिल्या नावाला शेजारच्या छपरातून एक म्हातारा आला आणि उकिडवा बसला. दुसरा आला, त्याच्या डाव्या अंगाला बसला. तिसरा. माना खाली, हात गुडघ्यांवर. "कुंडलिक सावळाराम!" मास्तर म्हणाले आणि कुंडलिकनं "हाजीर" म्हटलं तेव्हा तोही रांगेत उकिडवा बसलेला होता. कधी बसला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याला लाज वाटायला हवी होती. तसं काहीच वाटलं नाही.

मास्तर मात्र हरखले. त्यांनी लगेच लिहून घेतलं: नाव घेताच न सांगता रांगेनं बसतात, नजर वर करीत नाहीत, आज्ञाधारकपणा या जमातीच्या रक्तातच आहे.

म्हातारे उठून गेल्यावर कुंडलिकनं बापाची गोष्ट सांगितली. तो दहा वर्षांचा असताना पाटलानं सावळारामला सांजचंच खळ्यावर पाठवलं. हजेरीचं काय, असं सावळारामनं विचारलं. "मी सांगतो शिपायाला, तू जा," असं पाटील म्हणाला आणि विसरला. सकाळी सावळाराम ज्वारीच्या राशीपाशी सापडला, डोकं दगडानं फुटलेलं. राशीतलं मात्र पसाभरही धान्य गेलं नव्हतं. तो मेल्याची वर्दीही पाटलानं शिपायाला दिली नाही.

मास्तरांनी मान डोलावली. "वाईट झालं. पण कुंडलिकराव, याला कागद आहे का काही?"

"कागद कुठला जी? मी डोळ्यांनी बघितलं."

"इतिहासाला कागद लागतो." मास्तरांनी वही चाळली आणि बोट ठेवलं. "हा बघा, आहे की तुमच्या वडिलांचा कागद. 'सावळाराम, गैरहजर.' दुसऱ्या दिवशीही गैरहजर. तिसऱ्या दिवशी नावावर रेघ आणि पुढं शेरा, 'फरारी'."

तरी मास्तर न्यायी होते. दुसरी बाजू ऐकायला म्हणून ते कुंडलिकला घेऊन आबासाहेबांकडं गेले. आबासाहेब हे त्या पाटलाचे चिरंजीव. सावळाराम गेला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते, आणि त्या सकाळी खळ्यावर मडक्यातलं पाणी त्याच्या तोंडावर त्यांनीच ओतलं होतं. त्यांच्या घराण्यावरही पुस्तकात एक प्रकरण येणार होतं. त्यांनी कुंडलिककडं पाहिलं, मग मास्तरांकडं.

"लई जुनी गोष्ट हाय मास्तर. मला काय आठवत न्हाय," असं म्हणून त्यांनी कानांवर हात ठेवले आणि चहा मागवला. कुंडलिकला बाहेर ओसरीखाली, त्याच्या वेगळ्या कपात.

वर्षभरानं पुस्तक छापून आलं. आबासाहेबांनी वाडीच्या शाळेला एक प्रत भेट दिली आणि गुरुजी त्यातलं मुलांकडून पाठ करून घेऊ लागले. पुढं दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार होते त्या दिवशी आईबापांनाही बोलावलं. कुंडलिक खिडकीबाहेर उभा राहिला. साहेबांनी विचारलं, "आपल्या तालुक्यात बाहेरून आलेल्या जमाती कोणत्या?" कोणाचंच बोट वर होईना. अखेर सातवीतली कौसल्या उभी राहिली.

"रामोशी ही जमात दक्षिणेकडून आली. हे लोक रक्तानेच आज्ञाधारक, पण चंचल असतात. सावळाराम नावाचा राखणदार हजेरी चुकवून फरारी झाल्याची नोंद चावडीत सापडते."

एक अक्षर चुकलं नाही. साहेबांनी शाब्बासकी दिली, ही पोरगी पुढं मास्तरीण होईल म्हणाले. सगळ्यांबरोबर कुंडलिकनंही टाळ्या वाजवल्या. पोरीचं कौतुक झालं याचा आनंद त्याला झाला असावा. नक्की सांगता येत नव्हतं.

घरी जाताना कौसल्या बापाच्या पुढं पुढं चालली. पाटाचं पाणी ओलांडल्यावर तिनं विचारलं, "दादा, आज्याला तुमी सोता बघितलं व्हतं?"

"व्हय."

"मग पुस्तकात तसं का न्हाय?"

कुंडलिकनं सांगायला तोंड उघडलं. ज्वारीची रास, फुटलेलं डोकं, आबासाहेबांच्या हातातलं मडकं. हे सगळं त्यानं पोरीला शंभरदा सांगितलं होतं. पण पोरगी आज वाट पाहत होती ती वेगळ्या उत्तराची. तिला छापलेलं आणि बापानं सांगितलेलं यातलं एक निवडून हवं होतं.

"मी लहान व्हतो तवा," तो म्हणाला. "बघण्यात चूक झाली आसंल माजी."