म्हातारी आहे, आंधळी नाही

माझ्या अंगावर दर दहा सेंटिमीटरला एक पांढरा आकडा आहे. त्यांतला चाळीसचा आकडा झिजला आहे. चार शाबूत आहे, शून्याची फक्त डावी कड उरली आहे.

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. तारे पाहणारी नव्हे. मी माणसाच्या तोंडातून पोटात उतरते. माझ्या टोकाला कॅमेरा आहे आणि त्याला लागून, ऐकू न येणारे ध्वनी सोडणारा नखाएवढा तुकडा. जठराच्या भिंतीला टेकून मी पलीकडे दडलेले स्वादुपिंड त्या ध्वनींनी पडद्यावर उमटवते. मी नवी होते तेव्हा इतर विभागांतले डॉक्टर मला बघायला यायचे. आता कपाटात शेजारी नवी दुर्बीण लटकते आणि पाळी तिची आधी येते. मला धुणाऱ्या मावशी मात्र आजही माझ्यात हवा भरून मला पाण्यात बुडवतात आणि कुठून बुडबुडा येतो का ते बघतात.

"एकही नाही," त्या म्हणतात. "चिवट आहेस गं मेले!"

नवी दुरुस्तीला गेली होती, त्या आठवड्यात सुतारकाका आले. डोळे पिवळेधमक, स्वादुपिंड सुजलेले. सगळ्यांनी कर्करोगच धरला. मोठ्या सर्जनांनी मंगळवारचे ऑपरेशन ठरवले. स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचा तुकडा, पित्ताची नळी, सगळे कापून काढायचे होते.

त्याआधी मला चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला आत नेले आणि बारीक सुईने पेशी घेतल्या. कर्करोग सापडला नाही.

"सुई हुकली असेल," सर्जन म्हणाले. "त्या जुनाट नळीतून दिसतं तरी काय?"

मित्रांनो, हे मी ऐकून घेणार नाही. मी म्हातारी आहे, आंधळी नाही. कर्करोग बहुधा एका जागी गाठ धरतो आणि त्यामागची नळी फुगते. इथे सबंध स्वादुपिंड लांबट फुग्यासारखे सुजले होते, त्याला काळसर कड होती आणि आतली नळी दोऱ्याएवढी बारीक झाली होती. शरीराचे पहारेकरी आपल्याच अवयवावर तुटून पडले की असे दिसू शकते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा आजार. त्याला सुरी नाही, गोळ्या लागतात. पण बारीक सुईत सुट्या पेशीच येतात, आणि सुट्या विटांवरून घर ओळखता येत नाही.

"जाड सुईने सलग धागा काढते," मॅडम म्हणाल्या. "मला शनिवारपर्यंत वेळ द्या."

"आणि कर्करोगच निघाला तर हे दिवस कोण परत देणार?"

तरी मॅडम हटल्या नाहीत. ऑपरेशन शनिवारवर गेले.

मला दुसऱ्यांदा पाहून सुतारकाका म्हणाले, "लाकूड किडलंय की नुसतं फुगलंय, ते आधी बघा डॉक्टरबाई. रंधा मग."

"बाबा, गप्प बसा ना," मुलगी म्हणाली.

"तोंड मिटलं तर ही आत जाणार कुठून?"

मी गेले. जाड सुईतून तांदळाच्या दाण्याएवढा धागा आला.

शुक्रवारी सकाळी अहवाल आला. धाग्यात पहारेकरी पेशींची दाटी होती, कर्करोगाचा मागमूस नव्हता. रक्ताचा अहवालही तेच सांगत होता. तरी सर्जन म्हणाले, "दुपारी सांगतो." दुपारी म्हणाले, "संध्याकाळी बघू." सुतारकाकांची मुलगी आमच्या दारातल्या बाकावरून उठली नाही.

मित्रांनो, मला हळुवार धुवा, नीट टांगा, एवढे मागणे आहेच. पण मी दाखवलेले नको वाटले, म्हणून माझ्या वयाकडे बोट दाखवू नका.

संध्याकाळी सर्जन आमच्या खोलीत आले. पडद्यावरचे माझे जुने चित्र त्यांनी परत लावायला सांगितले. काळसर कडेवरून बोट फिरवले. मग वळून बाकावरच्या मुलीला म्हणाले, "वडिलांना जेवायला द्या. उद्या ऑपरेशन नाही. उद्यापासून गोळ्या."