डेस आणि नोरीन, चॅनेल अठरा

पोर्ट ऑगस्टाच्या नोरीनबाईंकडून मी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घेतली आणि तिला ओढणारी जुनी डिझेल जीपही. दोन्ही एकत्रच विकायच्या, असा त्यांचा हट्ट होता. "एकमेकींची सवय आहे त्यांना," म्हणाल्या. त्यांचा नवरा डेस हिवाळ्यात गेला. मला कॅरव्हॅन आवडली ती आतल्या एकावर एक दोन छोट्या खाटांमुळे. टिली आणि जोना, माझी नातवंडं, त्यात बरोब्बर मावणार होती. बायको सोडून गेल्यापासून पोरांनी सुट्टीला यावं असं माझ्या घरात काही उरलंच नव्हतं.

निघताना नोरीनबाईंनी एकच गोष्ट मागितली. कॅरव्हॅनच्या पाठीवर त्या दोघांची चिकटवलेली नावं होती आणि खाली गाडीतल्या बोलायच्या रेडिओचा चॅनेल, मागून येणाऱ्याला हाक मारता यावी म्हणून.

"तेवढी नावं खरवडून टाक रे. मी दोनदा सुरी घेऊन गेले. हातच उचलत नाही."

"आजच टाकतो," मी म्हणालो.

नाही टाकली. मी नवी अक्षरं मागवली होती: क्लाइव्ह, टिली, जोना. जुनी काढणं, नवी चिकटवणं, सगळं पोरांच्या हातून करायचं होतं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला. "बाबा, रागावू नका हं. पोरांचे पप्पा त्यांना बालीला नेतायत. समुद्र बघायचाय त्यांना."

"समुद्र माझ्याकडे पण आहे की."

"बाबा, प्लीज. पुढच्या सुट्टीत नक्की."

"रागावतोय कोण?" मी म्हणालो. चांगलाच रागावलो होतो. दुसऱ्या दिवशी एकटाच निघालो. छोट्या उशांना डायनासोरचे अभ्रे घातले होते, ते तसेच राहिले.

किम्बा गाव मागे पडलं आणि रेडिओ खरखरला.

"डेस! लेका, जिवंत आहेस का? मर्व्ह बोलतोय, मागेच आहे तुझ्या. नोरीन काय म्हणतेय?"

खरं सांगायलाच बटण दाबलं होतं. तोंडून निघालं, "झोपलीये."

"आवाज बसलाय तुझा. बीअर कमी कर जरा."

पुढचे चाळीस किलोमीटर मला बायको होती, मित्र होता. मर्व्ह माझ्या गाडी चालवण्यावरून टोमणे मारत होता आणि मी खदाखदा हसत होतो. माझी अशी थट्टा कोणी केली त्याला वर्षं झाली होती. मग तो म्हणाला, "पुढच्या थांब्यावर गाडी घे. लॉर्नाने केक केलाय. नोरीनला उठव."

पळून जावंसं वाटलं. पण कॅरव्हॅन घेऊन पळणार किती? थांबलो.

लॉर्नाबाई डबा घेऊन हसत आल्या आणि मला पाहून जागीच थबकल्या. मी सगळं सांगितलं. मर्व्हने टोपी काढली. बाई मात्र भडकल्या. "अहो, मेलेल्या माणसाच्या नावाने गप्पा मारत होतात? लाज नाही वाटली?"

"वाटली. पण तुमचे हे थट्टा करत होते. थांबवावंसं वाटेना."

उघड्या दारातून त्यांना ते अभ्रे दिसले. "आणि पोरं कुठायत?"

"आली नाहीत."

त्यांनी केकचा जाडजूड तुकडा कापून मला दिला. मग सुरी पुसून तीही दिली. "नोरीनला दिलेला शब्द पाळा आधी."

डेसचं नाव मर्व्हनेच काढलं, एकेक अक्षर जपून, आणि खिशात ठेवलं. नोरीनचं मी काढलं. डेसच्या जागी माझं नाव चिकटवलं. मधलं 'आणि' राहू दिलं. टिली आणि जोनाची अक्षरं पाकिटातच ठेवली.

ते दोघं पोर्ट लिंकनच्या फाट्याला वळले. दुपारी वुडिन्नाच्या अलीकडे एक लांबलचक ट्रक माझ्या मागे लागला. रेडिओ पुन्हा खरखरला.

"क्लाइव्ह आणि कोण, राव?"

झोपलीयेत सगळी, असं म्हणता आलं असतं. मी बटण दाबलं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "एकटाच आहे."

"बरं, क्लाइव्ह. मी पुढे जाऊ का?"

"जा. रस्ता मोकळाच आहे."