नळीवरचे सात वेढे

हौसेला मोल नसतं असं म्हणणारा स्वतः कधी खिशात हात घालत नाही. मी घातला. परदेशातून लेझरची स्वस्तातली नळी मागवली. म्हणजे मागवली मास्तरांनी, कारण त्यांनाही एक हवी होती आणि दोन एकदम आणल्या की पाठवणीचा खर्च निम्मा पडतो. मास्तर पूर्वी चित्रकला शिकवायचे, आता लाकडावर अक्षरं कोरून पोट भरतात. वीस वर्षांची मैत्री. त्यांनी नळी तपासून, तारा जोडून, नव्या खोक्यात घालून माझ्या हातात दिली. "तुला कशाला त्रास," म्हणाले. मी भारावून गेलो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

ही नळी ज्यात बसते ते मागच्या खोलीतलं लाकूड कापायचं यंत्र म्हणजे माझा आणि बायकोचा दुसरा संसार. ती फुलापानांची चित्रं काढायची, मी ती प्लायवूडमधून कापायचो; मी घरी नसलो की यंत्र ती स्वतःही चालवायची. नळी काचेची, हाताएवढी लांब. चालू असताना तिच्यातून सतत थंड पाणी फिरावं लागतं, नाहीतर तापून ती कायमची निकामी होते. बादलीतलं पाणी मी दर पंधरा दिवसांनी बदलायचो, बुडबुडा दिसला की यंत्र तिरकं करून घालवायचो. एवढं मी स्वतःच्या दातांनाही जपलं नाही.

तरी चौथ्या महिन्यात प्लायवूड कापेना, नुसतं काळं पडायला लागलं. मास्तरांना बोलावलं. त्यांनी नळीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"वहिनी, कधी पाण्याचा पंप न लावता चालवलंत का?"

"नाही. पंप लावल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही."

"होतं कधी कधी. लक्षात राहत नाही," मास्तर हळुवारपणे म्हणाले.

आणि मी त्यांचं खरं मानलं. ते गेल्यावर बायकोला नको नको ते बोललो. तिने पेन्सिलींचा डबा उचलला आणि त्या खोलीत यायचंच सोडलं.

काल नळी भंगारात द्यायला काढली. टोकाच्या तारेवरचं सिलिकॉनचं आवरण सोललं आणि हात थांबला. इथे सोल्डर करत नाहीत, उष्णतेने काच तडकते. तार गुंडाळावी लागते. मी सात वेढे घालतो आणि वर निळा दोरा बांधतो. असला उद्योग माझ्याशिवाय कोणी करत नाही. समोर सात वेढे होते, निळा दोरा होता. तीन वर्षांपूर्वी मास्तरांच्या नळीला ती तार मीच बांधून दिली होती.

नळी काखेत मारून तडक त्यांच्याकडे गेलो. दोरा पाहून त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली.

"दोनातली एक फुटून आली रे. चांगली मी ठेवली, माझी जुनी तुला दिली. तुझी हौस आहे, माझं पोट आहे."

"मागितली असती तर दिली असती, मास्तर. पण माझ्या बायकोवर का ढकललंत?"

"काही कारण दिलं नसतं तर तू शोधत बसशील, ते आवरण सोलशील अशी भीती वाटली. दुसरं काही सुचलं नाही."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. रस्ताभर त्यांना शिव्या घालत घरी आलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सगळं सांगितलं, माफी मागितली.

तिने हातातली घडी पुरी केली.

"म्हणजे दोऱ्याने साक्ष दिली म्हणून मी खरी," ती म्हणाली. "मी सांगत होते तेव्हा नव्हते."