रेवाने मला दोन्ही हातांनी धरलं

मित्रांनो, मी एक जुना लिहायचा पुठ्ठा आहे. वर लोखंडी चिमटा असतो ना, तोच. तुम्ही मला परीक्षेला नेता आणि पॅड म्हणता. लाकडाचा भुसा दाबून मला घडवलं. पनवेलच्या बाजारातून रेवाने मला बारावीसाठी घेतलं आणि परीक्षा संपताच मी कपाटामागे गेलो. चिमट्याला गंज चढला.

काही वर्षांनी तिने मला बाहेर काढून पुसलं. आता ती एम.एस्सी. करत होती आणि त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल घ्यायला सहायक म्हणून लागली होती. माझ्यावर हजेरीचा कागद आला. मला किती बरं वाटलं!

पण रेवाचा जीव सारखा टांगणीला. काच फुटेल, आम्ल सांडेल, कुणाला भाजेल. एखादा जरा अडला की “आण इकडे” म्हणून ब्युरेटची, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडणाऱ्या काचेच्या नळीची, तोटी तीच फिरवायची. मी टेबलावर पालथा.

सत्र संपलं. मुलांनी नाव न घालता तिच्याविषयी मत लिहिलं. तेरा जणांनी लिहिलं होतं, “मॅडम बेस्ट! आमचं रीडिंग त्याच काढून देतात.” रेवा खूश झाली. विभागप्रमुख पद्मजा मॅडमनी मात्र एका कागदावर त्याच ओळीखाली लाल रेघ ओढली.

“ही तारीफ नाही गं, रेवा. परीक्षेत तू असणार आहेस का त्यांच्याशेजारी? पुढच्या सत्रात हे बदललं नाही, तर तुझं काम मला पुढे चालू ठेवता यायचं नाही.”

रेवाने तो कागद चुरगाळून पर्समध्ये कोंबला. तिसऱ्या दिवशी तिने तो तळहाताने सरळ केला आणि हजेरीच्याही वर माझ्या चिमट्यात लावला. शिवाय एक युक्ती काढली. प्रॅक्टिकलभर मला दोन्ही हातांनी धरायचं. हात मोकळेच नकोत!

नव्या सत्रात यूम्ना नावाच्या मुलीच्या फ्लास्कमधला रंग फिकट गुलाबी यायच्या ऐवजी तीनदा गडद झाला. ती रडकुंडीला आली. “मॅडम, तुम्हीच करून द्या ना!”

रेवाची नखं माझ्या कडेत रुतली. “शेवटी थेंब थेंब सोड. घाई कुठे होतेय ते बघ.”

“मॅडम, हात नाय लावायचा हां! आमी बघतोय,” प्रयोगशाळेचे जगनकाका हसत म्हणाले.

चौथ्यांदा फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. “या अल्लाह, आला! माझा माझा आला!” यूम्ना ओरडलीच.

त्या सत्रात दोन फ्लास्क फुटले. जगनकाकांनी काचा झाडून घेतल्या, आभाळ काही कोसळलं नाही.

नवे कागद आले. एकावर लिहिलं होतं, “मॅडम पूर्वीसारखी मदत करत नाहीत. पण आता रीडिंग माझं मला येतं.” पद्मजा मॅडम म्हणाल्या, “पुढच्या वर्षीही तूच. फक्त आवाज वाढव, मागच्या टेबलाला ऐकू येत नाही म्हणे.” रेवा हसली आणि तोही कागद तिने मला दिला.

मित्रांनो, तुमच्या कागदावर कुणी लाल रेघ ओढली, तर तो दप्तराच्या तळाशी दडपू नका. समोर लावा. आणि अधूनमधून माझ्या चिमट्याला तेलाचा एक थेंब द्या. मला अजून पुष्कळ कागद धरायचे आहेत.