चाकू होता, लपवला नव्हता

वकिली सुरू करून मला तेव्हा दुसरं वर्ष लागलं होतं. मी शहापूरची, निचित्यांची हर्षाली. तालुक्याच्या कोर्टात बसायला माझं स्वतःचं टेबल नव्हतं. एका ज्येष्ठ वकिलांनी त्यांच्या टेबलाची एक कड मला दिली होती. ज्यांना वकील करणं जमत नाही त्यांना विधी सेवा समिती वकील देते. तिथून येतील ती प्रकरणं मी घ्यायचे. त्यातच एक दिवस सावळीबाईंचा कागद आला.

सावळी नामा फोडसे, वय एकोणपन्नास, राहणार डोळखांबच्या वरच्या अंगाचा एक पाडा. गुन्हा असा, की मनाई आदेश लागू असताना सार्वजनिक रस्त्यावर चाकू बाळगला. जप्त केलेली वस्तू: लाकडी मुठीचा, मिटणारा चाकू, पात्याची लांबी पावणेतीन इंच.

बाई टेबलासमोर उभ्याच राहिल्या. मी बसा म्हटलं तेव्हा बाकाच्या टोकाला टेकल्या. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, बोटांवर बारीक बारीक ओरखडे. मी कागद चाळले आणि त्या दिवसांत सगळेच देत होते तो सल्ला दिला. म्हटलं, मावशी, गुन्हा कबूल करा. तुमच्यावर याआधी काही नाही, चाकू बोटभर आहे, न्यायाधीश किरकोळ दंड करतील आणि आजच्या आज सुटाल. नाहीतर तारखांना डोळखांबवरून येत बसाल वर्षभर.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. मी पंचनाम्यातली ओळ वाचली: ‘आरोपीच्या कमरेस लपवून ठेवलेला धारदार चाकू मिळून आला.’

"चाकू होता, ते कबूल," त्या म्हणाल्या. "लपवला, ते नाय कबूल."

मी समजावलं, की तो छापील मजकूर असतो, त्याने फारसा फरक पडत नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच हळू आवाजात. मग मी पेन खाली ठेवलं आणि काय झालं ते पहिल्यापासून विचारलं.

सावळीबाई आंब्याची कलमं बांधत. कृषी खात्याच्या एका शिबिरात त्या ते शिकल्या होत्या आणि तो चाकूही त्यांना तिथंच मिळाला होता. कलमासाठीच बनवलेला, एका बाजूने धार लावलेला. पंधरा वर्षं त्या श्रावणाच्या आगेमागे रोपवाटिकांमधून कलमं बांधत फिरायच्या. पाड्यावरच्या पाच बायकांना त्यांनी हे काम शिकवलं होतं. त्यामुळे पावसाळ्यात त्या पाचजणींच्या घरांना बाहेरगावी कामाला जावं लागत नसे.

त्या दिवशी त्या मुरबाडच्या बाजूला, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका रोपवाटिकेत निघाल्या होत्या. बरोबर कलमासाठी कापलेल्या केसर आंब्याच्या काड्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. गोपाळकाल्याचा बंदोबस्त होता. एका फाट्यावर पोलिसांनी प्रवाशांची जीप थांबवली. एक वयस्कर हवालदार एकेकाला पिशवीत काय आहे ते विचारत होते. बाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं, की काड्या आहेत, पट्ट्या आहेत आणि चाकू आहे. पिशवीतून तो काढून हवालदारांच्या हातात दिला. हवालदारांनी तो उघडला, पुन्हा मिटला. ते परतच देणार होते, असं बाईंना वाटलं. पण नाक्यावरच्या साहेबांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, की पातं दिसलं की कागद करायचा. मग बाईंना ठाण्यात नेलं.

"मला बसवलं त्याचं काय नाय," त्या म्हणाल्या. "काड्या सुकायला लागल्या. मी म्हटलं, दादा, माझ्यावर काय लिवायचं ते लिवा, पण या फडक्याला पाणी द्या. तर त्या हवालदारांनी सोता बादली आणली."

कागदावर त्यांचा अंगठा घेतला. मजकूर कोणी वाचून दाखवला नाही. नोटीस हातात देऊन दुपारनंतर सोडलं. चाकू ठाण्यातच राहिला.

मी तोवर अशा केसेसचा कायदा वाचला होता तो कबुली द्यायची म्हणून, लढायचं म्हणून नव्हे. त्या आठवड्यात घरी बसून पहिल्यांदा नीट वाचला. शस्त्र कायद्यात परवाना लागतो तो नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला, आणि घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातूनही वगळलेली. बाईंच्या चाकूला ते काहीच लागत नव्हतं. त्यांच्यावर लावला होता पोलीस कायदा. सण, निवडणूक, मोर्चा असं काही असलं की जिल्ह्यात काही दिवसांपुरता मनाई आदेश निघतो. त्यात तलवारी, भाले, काठ्या यांच्या रांगेत नुसता ‘चाकू’ असा शब्द असतो. किती इंचांचा, कशाचा, ते नसतं. तो आदेश मोडला तर कागदावर शिक्षा आहे कैदेची, चार महिन्यांपासून वर्षभरापर्यंत. किरकोळ दंडावर सुटाल असं मी किती सहज म्हटलं होतं, ते आठवून मला बरं वाटलं नाही. आणि कबूल केलं असतं तर गुन्हेगार म्हणून नोंद कायमची राहिली असती.

पण त्याच कायद्यात असंही आहे, की असा आदेश लोकांना जाहीर करून कळवावा लागतो. मी रविवारी पाड्यावर गेले. डोळखांबला उतरून पुढे पायी चढ होता. आदेश कुठे लावला होता का, दवंडी दिली होती का, ग्रामपंचायतीत वाचला होता का, हे घरोघरी विचारलं. कोणाला माहीत नव्हतं.

सावळीबाई अंगणात मांडवाखाली बसल्या होत्या. समोर पिशव्यांमधली गावठी आंब्याची रोपं. चाकू नसल्यामुळे त्या दाढीच्या पात्याने कलमं बांधत होत्या. काप एका ओढीत झाला पाहिजे, असं त्यांनी मला सांगितलं; दोनदा हात फिरवला की मध्ये फट राहते आणि जीव धरत नाही. पातं बोटात वाकत होतं, म्हणून ओरखडे. त्यांनी काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली, रोपाचा शेंडा उडवून मधोमध चीर दिली, पाचर आत बसवली आणि पट्टीने गुंडाळून गाठ मारली. मला दहा मिनिटांचं काम वाटलं असतं, ते त्यांनी मिनिटभरात केलं. मग ते रोप हातात धरून नीट बघितलं आणि बाजूला टाकून दिलं.

का, असं मी विचारलं. मला तर छान दिसत होतं.

"जुळलं नाय," त्या म्हणाल्या. "लोकाच्या बागेत पाच वर्सांनी कळंल. आज मला कळतंय ना."

मी परत येताना ठरवलं, की या बाईंचं एकही वाक्य मी बदलायचं नाही.

खटला उभा राहिला. तारखा पडत गेल्या. सावळीबाई प्रत्येक तारखेला माझ्याआधी येऊन बसलेल्या असत. एकदा शिपाई कंटाळून म्हणाला, की मावशी, कबूल केलं असतं तर कधीच मोकळ्या झाला असता. त्या नुसत्या हसल्या आणि पुकारा कधी होईल तेवढं विचारून घेतलं.

शेवटी हवालदारांची साक्ष आली. भगीरथ हरड त्यांचं नाव. मुरबाडकडच्या शेतकरी घरातले, निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. कडक इस्त्रीचा गणवेश, पांढऱ्या मिशा. शपथ घेऊन ते पिंजऱ्यात उभे राहिले. सरकारी वकिलांनी विचारलं, चाकू तुम्हीच जप्त केला का, पंचनाम्यावर सही तुमची का. दोन्हीला त्यांनी होय म्हटलं.

माझी पाळी आली तेव्हा मी पंचनामा हातात घेऊन उभी राहिले. माझ्याकडे त्यांना अडकवायला काही नव्हतं. दुसऱ्या बाजूला अंगठ्यासह कागद होता. पोलीस साक्षीदार स्वतःच्या पंचनाम्याविरुद्ध बोलत नाही, हे मला टेबलावरच्या ज्येष्ठांनी आदल्या दिवशीच ऐकवलं होतं. मी ती ओळ वाचून दाखवली आणि सरळ विचारलं, की चाकू कमरेला लपवलेला मिळाला, हे खरं आहे का?

हरडांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. त्यांनी सावळीबाईंकडे बघितलं नाही, सरकारी वकिलांकडेही नाही. न्यायाधीश मॅडमनी प्रश्न समजला का असं विचारलं.

"समजला," ते म्हणाले. "खरं नाही. बाईंनी मी विचारल्याबरोबर पिशवीतून काढून आपणहून माझ्या हातात दिला."

सरकारी वकील उठून उभे राहिले. मॅडमनी त्यांना हाताने थांबवलं आणि मला पुढे विचारायला सांगितलं.

"मग तसं का लिहिलं?"

"नेहमीचा मजकूर असतो. तोच उतरवला. मी नीट न वाचता सही केली आणि बाईंनाही वाचून दाखवलं नाही. चूक माझी आहे."

मी आणखी एकच विचारलं, की तो चाकू त्या कशासाठी नेत होत्या, हे तुम्हाला तेव्हा कळलं होतं का. ते म्हणाले, की कळलं होतं. आपल्याही घरी बांधावर कलमी आंबे आहेत, तो चाकू कसला आहे ते उघडल्याबरोबर ओळखलं. टंकलेखकाने ते सगळं जसंच्या तसं टिपून घेतलं. हरडांनी त्याखाली सही केली, या वेळी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचून.

कोर्टाबाहेर ते पायऱ्यांपाशी टोपी हातात घेऊन उभे होते. सावळीबाई सरळ त्यांच्याजवळ गेल्या.

"तुमच्यावर काय येईल वो दादा?"

"खुलासा मागतील," ते म्हणाले. "देईन. जे इथं सांगितलं तेच लिहीन." मग त्यांनी विचारलं, "त्या काड्या लागल्या का?"

"निम्म्या लागल्या. पाणी दिलंत म्हणून तेवढ्या तरी."

त्यांनी मान डोलावली आणि ते बस गाठायला निघून गेले. पुढे मला कळलं, की त्यांना लेखी ताकीद मिळाली आणि बदली झाली. निवृत्तीपर्यंतचे महिने त्यांनी घरापासून लांब काढले. त्याबद्दल त्यांनी कोणाकडे तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. आमच्या टेबलावरच्या ज्येष्ठांनी तीस वर्षं वकिली केली होती. असा साक्षीदार त्यांनी दोनदाच पाहिला, असं ते म्हणाले.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. मनाई आदेश त्या भागातल्या लोकांपर्यंत पोचवल्याचा पुरावा नाही. शिवाय वस्तू कामाचं अवजार असून ती आरोपीने उघडपणे दाखवली होती, असं मॅडमनी लिहिलं. सावळीबाई निर्दोष सुटल्या. चाकू परत देण्याचा हुकूम झाला. मी निकाल समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी विचारलं, की लपवला नव्हता हे त्यात लिहिलंय ना? मी ती ओळ त्यांना दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी त्या जागी नखाने खूण करून ठेवायला सांगितलं.

मला वाटलं, झालं. पण आठवड्याने त्यांचा निरोप आला, की पाड्यावर या. मी गेले तर पाचही बायका बसलेल्या. सावळीबाईंनी कृषी सहायकाला सांगून सहाजणींच्या नावाने, त्या कलमांचं काम करतात अशी पत्रं करून घेतली होती. मी कायदा सोप्या भाषेत सांगावा, अशी त्यांची इच्छा होती. मी पात्याचे इंच सांगितले, मनाई आदेश म्हणजे काय ते सांगितलं, बटण दाबून उघडणारा चाकू घ्यायचा नाही हेही सांगितलं. निकाल माझ्यासारख्या वकिलाला दाखवायला उपयोगी, नाक्यावर पत्र जास्त उपयोगी, आणि दोन्हीपेक्षा चाकू फक्त कामाच्या रस्त्यावर आणि कामाच्या वेळीच जवळ ठेवणं उपयोगी, असंही म्हटलं.

रखमी नावाची त्यांच्यातली सगळ्यात तरणी बाई होती. तिने विचारलं, की मग म्हसा गावच्या जत्रेत पिशवीत असला तर चालेल का?

मी नाही म्हटलं. जत्रेत कलमं बांधायची नसतात, तर चाकू घरी ठेवायचा. तिथे आदेश असणारच, आणि गर्दीत पोलिसाला तुमची पिशवी नाही, चाकूच दिसणार.

"बरोबर हाय," सावळीबाई म्हणाल्या. "पोलिसाला बी त्याचं काम असतंय."

मग त्यांनी एकेकीकडून म्हणून घेतलं. अडवलं तर काय करायचं? विचारायच्या आधी सांगायचं. चाकू मिटलेला हातावर ठेवून द्यायचा. पत्र दाखवायचं. आणि कागदावर अंगठा मागितला तर? रखमी अडखळली. सावळीबाई तिच्याकडे बघत थांबल्या.

"वाचून दाखवा म्हणायचं," रखमी म्हणाली.

"आणि खोटं लिवलं असलं तर?"

"अंगठा नाय द्यायचा."

सावळीबाईंनी तिला ते पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणायला लावलं.